प्रश्नाआधीची मोकळी जागा

लॉन्ड्रीत माझं काम खिसे तपासण्याचं होतं. कपडे मशीनमध्ये जाण्याआधी प्रत्येक खिशात हात घालायचा, पार कोपऱ्यापर्यंत बोटं न्यायची, आणि जे निघेल ते पत्र्याच्या डब्यात टाकायचं. किल्ल्या, कंगवे, गोळ्यांची पाकिटं. एकदा कागदात गुंडाळलेला दुधाचा दात निघाला होता. न्यायला कुणी आलं नाही. एखादं पेन खिशात राहून गेलं तर अख्ख्या मशीनभर पांढऱ्या चादरी निळ्या व्हायच्या आणि मुकादम दिवसभर माझ्या नावानं शंख करायचा. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. गठ्ठ्यांवरच्या खुणा मी आकारावरून ओळखायचे, गाठोडी बांधणारीनं कशी गाठ मारली आहे त्यावरून ओळखायचे, आणि काम निभत होतं.

अक्षरं मला माझ्या मुलानं शिकवली, मराठी आणि इंग्रजी दोन्ही, मी पन्नाशी ओलांडल्यावर. त्याला सगळे ठोक्या म्हणायचे. कीबोर्डवर तो बोटं अशी आपटायचा की मागे स्वयंपाकघरात ऐकू यायचं, आणि एंटर तर खिळा ठोकल्यासारखा. घराच्या पुढच्या खोलीत तो सी शिकवायचा. सी म्हणजे कंप्युटरला काम सांगायची एक भाषा. त्यानं पहिल्यापासून शिकणाऱ्यांसाठी लहान लहान सरावाचे प्रश्न तयार केले होते. दोन आकडे घ्या, मोठा कुठला ते सांगा. आकडा सम की विषम ते सांगा. प्रत्येक प्रश्नाच्या सुरुवातीला पडद्यावर यायचं, 'या, बसा.' आणि शेवटी, 'चुकलं तर चुकू द्या, पुन्हा बघा.' मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत.

तो गेल्याला वर्ष होत आलं होतं. साध्या तापाचं निमित्त झालं. दवाखान्यात स्वतःच्या पायांनी गेला, आणि मग नाहीच.

वर्ग सूनबाईनं चालू ठेवला. ती आधी त्याची विद्यार्थिनी, मग बायको, आणि आता त्याच्या जागेवर उभी. फक्त त्याच्या खुर्चीवर ती बसत नसे. खुर्चीच्या पाठीवर त्याचा शर्ट तसाच होता, दवाखान्यात जाताना काढून टाकलेला. मी झाडताना खुर्ची सरकवायचे आणि परत होती तशी ठेवायचे. शर्टाला हात लागू देत नसे. सूनबाईही नाही. आम्ही दोघी त्याबद्दल कधी बोललो नाही.

दुपारी मी मागच्या खोलीत आडवी झाले की पुढून ठोके ऐकू यायचे. वर्ग चालू असेल तर त्यात काय विशेष. पण कधी कधी वर्ग सुटल्यावरही यायचे. भराभर बारीक ठोके, आणि मग एक मोठा. उठून बघावं तर खोलीत कुणी नाही, पंखा बंद, आणि खुर्ची मी ठेवली होती त्याहून जराशी दाराकडे वळलेली. मी सूनबाईला सांगितलं नाही. एकदा मी बघायला उठले, तर ती माझ्याआधीच दारात उभी होती.

"पाणी प्यायला आले होते," ती म्हणाली. तिच्या हातात भांडं नव्हतं.

मी सी शिकायला बसले त्याचं कारण ते सरावाचे प्रश्न. मी अजूनही अक्षराला अक्षर लावून, ओठ हलवत वाचते. 'या, बसा' असं ओठांतल्या ओठांत वाचलं की आवाज त्याचा यायचा. माझ्या तोंडून, पण त्याचा. तेवढ्यासाठी मी रोज दुपारी मागच्या बाकावर जाऊन बसू लागले.

वर्गात तेव्हा तिघंच उरले होते. त्यात एक गॅरेजवाला होता. दिवसभर गाड्यांखाली पडलेला असायचा, त्यामुळे तो बसून गेला की कीबोर्डवर काळे ठसे राहायचे.

"आजी, तुम्ही माझ्या पुढे जाऊ नका हं," तो म्हणाला. "घरी समजलं तर माझी उरलीसुरली इज्जत जाईल."

"तू आधी हात धू," मी म्हटलं. "इज्जतीचं मग बघू."

सूनबाईनं मला सुरुवातीपासून शिकवलं. इंट म्हणजे आकडा ठेवायचा डबा. कॅर म्हणजे एकच अक्षर मावेल एवढा डबा. प्रिंटएफ म्हणजे पडद्यावर बोलायचं, स्कॅनएफ म्हणजे समोरचा काय उत्तर देतो त्यासाठी थांबायचं. दोन आडव्या रेघांची बरोबरची खूण एकदा केली तर 'यात हे ठेव', दोनदा केली तर 'हे आणि ते सारखं आहे का' असं विचारणं. हे मला पटकन कळलं. सांगणं आणि विचारणं यांत फरक असतो, आणि बरीच माणसं सांगत असतात तेव्हा त्यांना वाटतं आपण विचारतोय.

पण डब्यापाशी मी अडले.

"नवा डबा केला की रिकामाच असणार ना?" मी विचारलं.

"नाही, आई. त्या जागी आधी जे असेल ते तसंच पडलेलं असतं. आपण काही ठेवेपर्यंत."

"कुणाचं?"

"कुणाचंही. आधी जे काम होऊन गेलं त्याचं."

"ते त्याचं त्यानं नेलं नाही?"

ती फळ्याकडे वळली. "नेत नाही कुणी," ती म्हणाली, आणि पुसलेलाच फळा पुन्हा पुसू लागली.

अशातच तिला एका नोकरीबद्दल विचारणा झाली. दुसऱ्या शहरातली एक मोठी शिकवणी संस्था होती. राहायला दोन खोल्या देणार होते. तिनं जेवताना सांगितलं, भाजी वाढता वाढता, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट.

"मंगळवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं आहे. तुम्ही येणार असाल तर मी जाईन. तुम्ही इथे आणि मी तिथे, असं होणार नाही."

"आणि हे घर?"

"भाड्याचंच आहे, आई."

"त्याचं कंप्युटरचं मशीन?"

तिनं माझ्याकडे न बघता सांगितलं, "ते जुनं झालंय. प्रवासात टिकायचं नाही. गॅरेजवाला मागतोय सरावाला."

मी ताटातलं चिवडत राहिले. तिनं भाजीचं भांडं झाकलं. मग म्हणाली, "मी रोज त्याच्याच प्रश्नांची उत्तरं तपासते. रोज. लोक बदलतात, प्रश्न तेच. मला कधी कधी वाटतं, मी या घरात राहते की त्या प्रश्नांत?"

ती वाळली होती, ते मला दिसत होतं. पलंगावर एका कडेला अंग चोरून झोपायची, दुसरी कडा मोकळी ठेवून. शेजारची शिवणवाली तिचं माप घ्यायला आली तेव्हा टेप धरून म्हणाली होती, "जुन्याच मापानं शिवलं तर आत अजून एक सूनबाई मावेल. तेवढं कापड सोडू का?" तेव्हा आम्ही हसलो होतो. पण मी गेले तर ठोके कोण ऐकणार? तो दुपारी येऊन बसत असेल तर रिकाम्या घरात बसणार, नाही तर गॅरेजवाल्याच्या घरी, अनोळखी माणसांत. मला ते सहन होईना.

सोमवारी दुपारी सूनबाई बाजारात गेली होती. त्या आठवड्याचा सरावाचा प्रश्न होता: एक आकडा विचारा, मग हो-नाही विचारा, आणि उत्तराप्रमाणे बोला. मी ठोक्याच्या मशीनवर बसले. खुर्ची त्याची नाही, बाजूला स्टूल घेतलं. आधी मी सोपं म्हणून हो-नाही एवढंच लिहिलं. प्रश्न काय घालावा हे सुचेना, म्हणून मनात होतं तेच घातलं: 'आम्ही जाऊ का?' 'हो'चं एच आलं तर 'जा', नाही तर 'थांबा'. चालवलं. प्रश्न आला आणि पुढे पट्टी लुकलुकत राहिली. मी काही दाबलं नाही. ती लुकलुकत राहिली. बंद केलं.

मग प्रश्नात सांगितलं होतं तसा आकडा आधी घातला: 'तुझं वय?' चालवलं. माझं वय टाकायचं होतं. बोटांनी त्याचं टाकलं. जे आता वाढणार नाही ते. एंटर दाबला.

पडद्यावर आलं, 'आम्ही जाऊ का?' आणि त्याच क्षणी, माझे दोन्ही हात मांडीवर असताना, खाली उमटलं:

'थांबा'.

मी एकेक अक्षर लावून वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. खोलीत काहीच हलत नव्हतं. मी मागे वळून खुर्चीकडे बघायचं धाडस केलं नाही.

मग मी पुन्हा चालवलं. पुन्हा तसंच. वय काढून टाकलं, नुसताच प्रश्न ठेवला, तर मशीन थांबलं, माझ्या तोंडाकडे बघत राहिल्यासारखं. वय परत घातलं, तर थांबलं नाही. कोणीतरी माझ्याआधी उत्तर दिलं होतं. कुणाला विचारतोय हे सांगितलं नाही तर गप्प, आणि त्याचं वय सांगितलं की लगेच. मी लॉन्ड्रीत आयुष्य काढलेली बाई. भुताखेतांच्या गोष्टी मुकादम सांगायचा तेव्हा मी त्याची टर उडवायचे. पण हे कुणी सांगितलेलं नव्हतं. मी स्वतः वाचलं होतं, त्यानंच शिकवलेल्या अक्षरांनी.

भीती वाटली नाही. खरं तर अंगावरून ऊबदार काहीतरी गेलं. तो इथे होता आणि त्याला आम्ही हवे होतो.

रात्री जेवताना मी सूनबाईला म्हटलं, "मी नाही येणार. तूही जाऊ नकोस."

"का?"

"नको म्हटलं ना."

तिनं मान हलवली. वाद घातला असता तर बरं झालं असतं. "बरं. उद्या कळवते त्यांना," म्हणाली, आणि भांडी घासायला उठली. घासताना नळ सोडून ठेवला होता, भांड्यांना लागेल त्याहून मोठा.

मंगळवारी दुपारी वर्ग सुटला. गॅरेजवाला जाता जाता म्हणाला, "मॅडम, आज तुम्ही सम आकड्याला विषम म्हणालात. मी लिहून घेतलं. तुमच्यावर माझा विश्वास आहे." ती हसली नाही. दार लावून तिनं फोन घेतला, आणि नंबर न लावता हातात धरून पुढच्या खोलीच्या मधोमध उभी राहिली. पडद्याच्या उजेडात तिचा चेहरा मला तिच्या वयाचा वाटला नाही, माझ्या वयाचा वाटला.

"थांब," मी म्हटलं. "मी कुणाच्या सांगण्यावरून नको म्हणाले, ते तुला दाखवते."

स्टूल ओढून मी बसले. ती माझ्या मागे, खुर्चीपासून अंतर राखून. मी चालवलं, त्याचं वय टाकलं, एंटर दाबला आणि दोन्ही हात वर उचलून तिला दाखवले.

'आम्ही जाऊ का?'

'थांबा'.

तिनं हात पुढे केला आणि आधार घ्यायला म्हणून खुर्चीची पाठ धरली. वर्षात पहिल्यांदा. तिची बोटं शर्टात रुतली.

"पुन्हा चालवा," ती म्हणाली.

मी चालवलं.

"पुन्हा."

"वय काढलं तर बोलत नाही," मी हळूच सांगितलं. "त्याचं वय घातलं तरच बोलतो."

ती खाली वाकली. पडद्यावर माझ्या ओळी होत्या आणि तिचे डोळे त्यांवरून जात होते, एकदा वरून खाली, मग परत वर. एका ओळीपाशी ते थांबले. ती तशीच वाकून राहिली. मला तिचा चेहरा अर्धाच दिसत होता, पण काहीतरी आलेलं तिथून निघून गेलं हे कळलं. आणि क्षणभर मला वाटलं, तिला जे काही दिसलंय ते ती मला सांगणारच नाही. तिला तसंच राहू द्यायचं होतं. मलाही.

"आई," ती अखेर म्हणाली, "हे मलाही झालं होतं. वर्गात आले त्या पहिल्याच महिन्यात. मी त्याला म्हटलं, सर, तुमच्या मशीनमध्ये भूत आहे, मी काही दाबलं नाही तरी उत्तर देतं."

"मग?"

"तो म्हणाला, भूत आहे खरं, पण ते तुमचंच आहे, मॅडम. एंटर तुम्हीच दाबलात."

"मी आत्ता कुठे दाबला? हात वर होते माझे."

"आत्ता नाही. त्याच्या आधी. वय टाकून तुम्ही एंटर दाबला ना? मशीननं आकडा उचलून घेतला. एंटर घेतला नाही. तो तसाच मागे पडून राहिला. पुढचा प्रश्न होता एका अक्षराचा. मशीनला एंटर हेसुद्धा एक अक्षरच. त्याला समोर पडलेलं दिसलं, त्यानं उचललं. ते एच नव्हतं. म्हणून खालचं छापलं."

मी पडद्याकडे बघत राहिले. "आणि वय काढलं की?"

"मागे पडायला काही उरत नाही. म्हणून थांबतं."

आधीच्या कपड्याच्या खिशात राहिलेलं. ते पुढच्या पाण्यात उतरलं आणि सगळं निळं झालं. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. जन्मभर मी दुसऱ्यांचे खिसे तपासले होते.

"उलटं लिहून बघितलं होतंत का?" तिनं विचारलं. आवाजात टोचणी नव्हती. "वर 'थांबा' आणि खाली 'जा'?"

"नाही."

"तसं केलं असतंत तर त्यानं 'जा' म्हटलं असतं."

खाली 'थांबा' मीच लिहिलं होतं. एंटरही माझा. पहिल्यापासून शेवटपर्यंत खोलीत बोलणारी मी एकटीच होते.

तिनं फोन टेबलावर ठेवला. माझ्या खांद्यावरून हात पुढे करून त्या ओळीवर बोट ठेवलं. स्कॅनएफच्या अवतरणात टक्क्याची खूण आणि सी होतं. "याच्या आधी एक मोकळी जागा सोडायची. लांब दांडी एकदा दाबा. बास. ही मोकळी जागा आधी पडलेलं सगळं गिळते, आणि मग मशीन खरोखर थांबतं. त्यानं मला हेच करायला लावलं होतं. म्हणाला, प्रश्न विचारण्याआधी जरा जागा करावी."

"असं म्हणाला?"

"हो. मग म्हणाला की हे वाक्य फार शहाण्यासारखं झालं, कुणाला सांगू नका."

आम्ही दोघी हसलो. ते हसू त्या खोलीला इतकं अनोळखी झालं होतं की मीच दचकले.

मी दांडी दाबली. दिसायला काही बदललं नाही, ओळ जराशी सरकली एवढंच. चालवलं. त्याचं वय टाकलं. एंटर.

'आम्ही जाऊ का?'

पट्टी लुकलुकू लागली.

आम्ही वाट बघितली. खरंच बघितली, दोघींनी, सगळं कळल्यावरही. रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली. पंख्याच्या पात्याला चिकटलेली धूळ मला स्पष्ट दिसत होती. माझ्या मागे तिनं शर्ट घट्ट धरून ठेवला होता. पट्टी यायची, जायची, यायची. वर्षभर मी ठोके ऐकले होते, खुर्ची वळलेली बघितली होती. पण तो नाही हे मला त्या पट्टीनं सांगितलं. दवाखान्यानं सांगितलं होतं तेव्हा मी ऐकलं नव्हतं.

"तू दाब," मी म्हटलं.

"नाही, आई. मला तुमचं उत्तर हवंय. त्याचं नाही, माझंही नाही."

मी एच शोधला. त्या कीवर गॅरेजवाल्याच्या बोटाचा काळा ठसा होता. दाबला. मग एंटर.

तो एंटर मोठ्यानं वाजला. भिंतींपर्यंत गेला. सूनबाईनं दचकून माझ्या हाताकडे बघितलं.

"अगदी त्याचा," ती म्हणाली.

"त्याचा नव्हे. त्यानं माझा उचलला होता. लॉन्ड्रीत मी खिशातली प्रत्येक वस्तू पत्र्याच्या डब्यात अशीच आपटायचे, तेव्हा तो पायाशी गाठोड्यांवर बसलेला असायचा."

पडद्यावर आलं होतं, 'जा'.

ती फोन घेऊन मागच्या खोलीत गेली. तिचं बोलणं मला शब्द न कळता ऐकू येत होतं. मधेच ती म्हणाली, "हो, दोघी," एवढं मात्र नीट आलं.

मी मशीन बंद केलं नाही. गॅरेजवाला आला की त्याला दाखवायचं होतं, मोकळी जागा कुठे सोडायची ते. नाही तर तो भूत समजून पाना घेऊन धावेल.

मग मी खुर्चीवरून शर्ट उचलला. कॉलर ताठ झाली होती, बाह्यांवर धूळ होती. तो कुणाचा आहे याचा विचार न करता, जसा कुणाचाही उचलला असता तसा डाव्या हातावर घेतला आणि उजवा हात खिशात घातला. पार कोपऱ्यापर्यंत बोटं नेली. फळ्यावर लिहायच्या पेनाचं टोपण निघालं. पेन त्याशिवाय कधीच वाळून गेलं असणार. दुसरा खिसा रिकामा होता, तरी पुन्हा एकदा बोट फिरवून बघितलं.

टोपण टेबलावर ठेवलं. शर्ट बादलीत टाकला आणि नळ सोडला.